तंबोरा ऐकू येणारे स्पीकर

पुण्याहून, मुलाकडून, आम्ही नगरला परत आलो तेव्हा सावेडीतला आमचा फ्लॅट दोन-अडीच महिने बंद होता. मी दार उघडलं, खिडक्या उघडल्या, बायकोला धरून हॉलमधल्या खुर्चीत बसवलं आणि पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर ती डाव्या हातानं समोर बोट दाखवत होती. समोर आमची जुनी म्युझिक सिस्टीम होती.

"गाणं लावू?"

"हो," ती म्हणाली.

तिच्या आवडीची सीडी कुठली ते मला माहीत होतं. ती नेहमी सगळ्यात वर असायची. मी लावली. गाणाऱ्या बाईंचा आवाज यायच्या ऐवजी ओल्या पतंगाचा कागद फडफडावा तसा आवाज आला. दुसऱ्या स्पीकरमधून तर नुसती घरघर. मी एक स्पीकर ओढून फिरवला. मागच्या बाजूला हवेसाठी गोल भोक असतं, त्यातून कापसाचे गोळे आणि उंदराच्या लेंड्या खाली सांडल्या. घर बंद असताना उंदरांनी आत संसार थाटला होता. पुढची जाळी काढून पाहिलं तर काळा कागदी कोन कडेनं कुरतडून चाळणी झालेला.

मी हसून म्हणालो, "अगं, आपल्यामागे भाडेकरू राहून गेले." ती हसली नाही. त्या भोकाकडे पाहत राहिली.

तिला पक्षाघात झाला तो एका साध्या सकाळी. चहाचं भांडं हातातून पडलं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती ओट्याला टेकून उभी होती आणि उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. "काय झालं?" मी विचारलं. तिनं तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं त्याला शब्द म्हणता येणार नाही. दवाखाना, मग पुणे, मुलाच्या घराजवळचे व्यायामाचे डॉक्टर, असे ते दिवस गेले. पाय सुधारला, काठी घेऊन चालू लागली. हात नाही सुधारला. वाचा गेली ती गेलीच. तिला सगळं समजतं, डॉक्टर म्हणाले, पण शब्द सापडत नाही. एकच शब्द शिल्लक राहिला होता, "हो".

ऐकणाऱ्याला वाटतं, चला, निदान हो तरी म्हणता येतं. पण ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणे. चहा हवा का? हो. नको का? हो. दुखतंय? हो. दुखत नाही ना? हो. मानही त्या होबरोबरच हलायची. कधी कधी चुकीच्या ठिकाणी हो निघून गेला हे तिचं तिलाच कळायचं. मग ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. ते पाहणं मला फार जड जायचं, म्हणून मी प्रश्न विचारणंच कमी केलं होतं.

तिचं आणि गाण्याचं नातं सांगायला हवं. तिचे वडील भिंगारला लष्करी कचेरीत सिव्हिलियन कारकून होते, पुढे मीही तिथेच लागलो. लहानपणी ती भिंगारमधल्या एका गुरुजींकडे गाणं शिकायला जायची. गळा साधा होता, हे गुरुजींनी तिला सांगितलं आणि तिनं ते मान्य केलं. पण सूर पक्का होता. म्हणून गुरुजींनी तिला तंबोऱ्याला बसवलं. नगरमध्ये कुठे बैठक असली, गणपतीतला कार्यक्रम असला, की गाणाऱ्याच्या मागे ही तंबोरा घेऊन बसलेली असायची. आमच्याकडे जुने फोटो आहेत. त्यात गायक पुढे, हार घातलेला, आणि त्याच्या खांद्यामागून हिचा अर्धा चेहरा दिसतो. लोक विचारायचे, "वहिनी, तुम्ही गाता का?" ती सांगायची, "नाही, मी तंबोऱ्याला बसते." सांगताना मान ताठ असायची.

पुढे तंबोऱ्याच्या पेट्या आल्या, बटण दाबलं की वाजणाऱ्या. गायक पिशवीतून पेटी घेऊन येऊ लागले आणि हिला बोलावणी येईनाशी झाली. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. गुरुजी गेले, त्यांचा तंबोरा त्यांच्या घरच्यांकडे गेला. ही रोज दुपारी घरची कामं आटोपून आपल्या सिस्टीमवर गाणं लावून बसायची. मला गाण्यातलं कळत नाही. ती ऐकायची, मी पलीकडे पेपर वाचायचो. आमचं दोघांचं बरं चाललं होतं.

तर आता ते स्पीकर. मी दोन्ही रिक्षात घालून भिंगारच्या जुन्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्यानं जाळी काढली, बोटानं कोन चाचपला आणि मान हलवली.

"काका, उंदरानं समदं खाल्लंय. आतली वायर बी तोडलीय."

"कोन बदलता येईल ना?"

"ह्या मापाचा कोन आता मिळत न्हाई. पुण्यावरनं मागवला तरी नव्या जोडीपरीस खर्च जास्त. अन् खोका बगा, खालून फुगलाय." त्यानं खालची फळी दाबून दाखवली, ती बिस्किटासारखी आत गेली. "अ‍ॅम्प्लिफायर चांगला हाय तुमचा. त्यो टाकू नका. नवे स्पीकर घ्या, बारके घेतले तरी चालतील."

मी खोके तिथेच ठेवून आलो. परत आल्यावर मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आता एवढ्या वायरी कोण जोडतं? मी एक ब्लूटूथचा पाठवतो. आईची सगळी गाणी तुमच्या मोबाईलवर टाकून देतो. बटण दाबलं की झालं." पोरगा मनापासून म्हणाला होता. चार दिवसांत खोकं आलं. पाण्याच्या तांब्याएवढा गोल स्पीकर, बाजूला निळा दिवा. आवाज तर एवढा की खालच्या मजल्यावरचे विचारायला यावेत.

मी तो तिच्या समोर टीपॉयवर ठेवला आणि गाणं लावलं. तबला घुमला, काच थरथरली.

"आवडला?"

"हो."

मी समाधानानं पेपर घेतला. थोड्या वेळानं पाहिलं तर तिनं आपली शाल त्या स्पीकरवर टाकून दिली होती आणि भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी शाल काढली. तिनं पुन्हा टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी गाणं लावायचो, ती हो म्हणायची, आणि मग शाल.

मला वाटलं, तिला आता गाणंच नकोसं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा आजारात माणूस उदास होतो, जुन्या आवडी सुटतात. मी तो स्पीकर कपाटात ठेवून दिला. ते दिवस मला चांगले आठवतात, कारण घरात काहीच वाजत नव्हतं. कुकरची शिट्टी, तिच्या काठीचा आवाज, संध्याकाळी खालच्या रस्त्यावरच्या स्कूटरी, एवढंच. ती तासन् तास खिडकीशी बसायची. मी जवळ जाऊन बसायचो, पण विचारणार काय? उत्तर ठरलेलं.

वरच्या मजल्यावर नवी भाडेकरू मंडळी आली, त्यांची मुलगी गाणं शिकत होती. एका दुपारी तिनं रियाजाला तंबोऱ्याची पेटी लावली. छतातून तो आवाज झिरपत खाली आला, फार बारीक, आधी मला पंख्याचाच वाटला. मी भाजी निवडत होतो. सहज बायकोकडे नजर गेली. ती ताठ बसली होती. डावा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती. आधी मधलं बोट, मग अंगठ्याशेजारचं पहिलं बोट तीनदा. पुन्हा मधलं, पुन्हा पहिलं तीनदा. सावकाश, एका लयीत. तंबोरा उजव्या हातानं छेडतात, हे मी इतकी वर्षं पाहिलं होतं. उजवा हात कुशीत निपचित पडला होता आणि डावा त्याचं काम करत होता.

मी तिच्यापुढे खाली बसलो. "तंबोरा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. "हो," ती म्हणाली, "हो, हो." तो हो खरा होता. आजारानंतर पहिल्यांदा मला एका होबद्दल शंका आली नाही.

मग मी कपाटातून तो गोल स्पीकर काढला, तिचं गाणं लावलं आणि कान अगदी जवळ नेला. गाणारीचा आवाज होता. तबला होता, नको तेवढा होता. हार्मोनियम होती. तंबोरा? मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो, तिथेही काहीतरी गुणगुण होती, आणि तबला सुरू झाला की तीही गेली. मुलाचे जुने इअरफोन टेबलाच्या खणात होते, ते कानाला लावले. त्यात मात्र तंबोरा होता. गाण्याच्या पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत, सगळ्या आवाजांच्या खाली, वाहत्या पाटासारखा. जन्मभर घरात वाजत आलेलं गाणं मी त्या दिवशी प्रथम असं ऐकलं.

मी इअरफोन तिच्या कानाला लावायला गेलो. तिनं एकदा लावून घेतले आणि लगेच काढून माझ्या हातात ठेवले. कानात काही खुपसून घेणं तिला कधीच आवडलं नव्हतं. ठीक. पण आता मला काय शोधायचं ते कळलं होतं.

आठवड्यानं आम्ही दोघं रिक्षानं कापडबाजाराकडे गेलो. तिकडच्या एका गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं जुनं दुकान आहे. दुकानदार मध्यमवयीन, बोलायला गोड. त्यानं तिला खुर्ची दिली. मी सांगितलं, अ‍ॅम्प्लिफायर घरी आहे, फक्त स्पीकरची जोडी हवी, फार महाग नको, पेन्शनीत बसेल अशी.

"काका, आता असे सुटे स्पीकर कुणी नेत नाही," तो म्हणाला. "हा बघा, टॉवर. आतच अ‍ॅम्प्लिफायर, लाइट, माइकसुद्धा मिळतो. बेस बघा फक्त." त्यानं लावलं. जमीन हादरली, लाल-निळे दिवे नाचू लागले.

"काकू, कसा वाटला?"

"हो."

"बघा, काकूंना आवडला. हाच बांधून देऊ?"

"थांबा," मी घाईनं म्हणालो. "तिच्या होवर जाऊ नका. तिला अर्धांग झालंय, ती सगळ्यालाच हो म्हणते."

मी हे तिच्या डोक्यावरून, मोठ्यानं, दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी असताना बोललो. दुकानदार ओशाळला. गिऱ्हाइकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं काठी घेतली, उठली आणि बाहेर चालू लागली. एवढ्या घाईनं उठलेलं मी तिला आजारानंतर पाहिलं नव्हतं. तोल जायला नको म्हणून मी मागे धावलो. पुढच्या बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली. चेहरा लाल झाला होता आणि ओठ हलत होते, शब्द शोधत होते. शेवटी निघालं ते "हो". तिनं मुठीनं स्वतःच्या मांडीवर मारलं.

मी शेजारी बसलो. गल्लीतून हातगाड्या जात होत्या, कपड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन हमाल जात होते. "असं बोलायला नको होतं मी," म्हणालो. ती समोर बघत राहिली. "पण मग मला तुझं कळणार कसं? हो म्हटलंस आणि ते नको असलं तर?"

मग तिनं डाव्या हातानं माझं मनगट पकडलं, माझा तळवा आपल्या गुडघ्यावर पालथा ठेवला आणि त्यावर बोटं टेकवली. मधलं एकदा, पहिलं तीनदा. मग हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बोटं टेकवली, पुन्हा हात उचलला.

"वाजवलंस तर हवं," मी म्हणालो. "हात उचललास तर नको. असंच ना?"

तिनं हो म्हटलं नाही. तिनं फक्त माझ्या हातावर पुन्हा बोटं वाजवली, आणि ते मला पुरेसं झालं. दुकानदार आपणहून पायरीशी आला, हातात चहाचे दोन कप. "काकू, चुकलं माझं," तो थेट तिला म्हणाला. "तुम्ही या. तुम्ही सांगाल तसं ऐकवतो." त्या गोष्टीसाठी मी त्याला आजही मानतो.

आम्ही परत आत गेलो. त्यानं पंखा बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं म्हणजे गल्लीचा गोंगाट कमी व्हावा. माझा मोबाईल वायरीनं दुकानातल्या एका अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. पहिली जोडी काळी चकचकीत होती. गाणं सुरू झालं, तिनं थोडा वेळ ऐकलं आणि हात उचलला. दुसरी जोडी मला चांगली वाटली, आवाज स्वच्छ. तिची बोटं हलू लागली, पण तबला आला तशी थांबली. तिनं हात उचलला नाही, पण पुढे वाजवलंही नाही. दुकानदारानं मान डोलावली आणि ती जोडी बाजूला केली.

"एक आहे," तो म्हणाला. "वर पडून आहे. डिस्प्लेला होती, एका खोक्याला ओरखडा गेलाय म्हणून कुणी घेत नाही." स्टुलावर चढून त्यानं माळ्यावरून लाकडी रंगाची लहान जोडी काढली, जाडजूड पुस्तकाएवढी. फडक्यानं पुसली, जोडली.

या वेळी सुरुवातीची गुणगुण नुसती गुणगुण नव्हती. चार तारा वेगवेगळ्या वाजत होत्या, मलासुद्धा ऐकू आल्या. मग गाणारीनं सा लावला, मग तबला आला, आणि तबल्याच्या खाली त्या तारा तशाच चालत राहिल्या. बायकोनं डोळे मिटले होते. बोटं चालली होती, मधलं एकदा, पहिलं तीनदा, थांबायचं नाव नाही. दुकानदार हात बांधून उभा होता. गाणं संपेपर्यंत त्यानं एका गिऱ्हाइकाला शटरमधूनच हातानं थांबवून ठेवलं.

ओरखड्यामुळे जोडी स्वस्तात मिळाली. शेवटी मी तिला रीतीसाठी विचारलं, "घ्यायची?" तर तिनं तोंडानं काही म्हणायच्या आधीच हात गुडघ्यावर ठेवला आणि वाजवलं.

घरी मी दोन स्टुलांवर स्पीकर मांडले. तिनं काठीनं दाखवून ते भिंतीपासून पुढे ओढायला लावले, मग थोडे एकमेकांकडे वळवायला लावले. मला त्यातलं कळत नव्हतं, पण जोवर ती हात उचलत होती तोवर मी हलवत राहिलो. त्या दुपारपासून गाणं पुन्हा सुरू झालं.

वाचेचं म्हणाल तर ती परत आली नाही, आणि डॉक्टर म्हणतात की आता फारशी येणारही नाही. पण पावसाळ्याच्या शेवटी एक गोष्ट घडली. मी स्वयंपाकघरात होतो. बाहेर गाणं चालू होतं आणि मला दोन आवाज ऐकू आले. बाहेर आलो तर ती गाणारीबरोबर म्हणत होती. हळू, घोगऱ्या आवाजात, पण शब्दांसकट. गाण्याचे शब्द तिच्या तोंडातून सरळ बाहेर येत होते, एकही अडखळत नव्हता. मी दाराला धरून उभा राहिलो. गाणं संपलं. मी म्हणालो, "बोल ना काहीतरी." तिनं तोंड उघडलं, आणि "हो" म्हणाली. आम्ही दोघंही रडलो.

पुण्याच्या वाचा-उपचाराच्या बाई आम्हाला मोबाईलवर व्हिडिओनं शिकवतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं, गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते, तिचा उपयोग करून घेऊ. तेव्हापासून आम्ही छोटी छोटी वाक्यं सुरात म्हणतो. "पाणी दे", "दार लाव", "दुखतंय इथं". आधी मोबाईलवरून स्पीकरवर तंबोरा सुरू करायचा, तो थोडा चालू द्यायचा, मग मी म्हणायचं, मग तिनं. माझा सूर वाईट आहे, ती भुवया उंचावते, तरी म्हणते. "पाणी दे" आता जवळजवळ रोज जमतं. बाकीची वाक्यं कधी जमतात, कधी नाही.

गेल्या दिवाळीत मुलगा आला. त्यानं आल्या आल्या तो गोल स्पीकर शोधला, तो मी वरच्या मुलीला देऊन टाकला होता. संध्याकाळी तो आईच्या शेजारी जमिनीवर बसला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाणं चालू असेपर्यंत त्याच्या पाठीवर ती तंबोरा वाजवत राहिली. तो एकदाही हलला नाही. जेवायची वेळ टळून गेली होती, पण मी पानं वाढली नाहीत.